चारशे चौरस फुटांचे मोल

बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, नालासोपारा, विरार, पनवेल. मुंबईच्या लोकलगाड्यांच्या डब्यांत आणि स्थानकांबाहेरच्या फलकांवर ही नावे फिरून फिरून दिसतात आणि त्यांच्यापुढे हटकून तेच शब्द असतात : ‘परवडणारे वन बीएचके’. एक बैठकीची खोली, एक निजण्याची खोली, एक स्वयंपाकघर. सारे मिळून साडेतीनशे ते साडेचारशे चौरस फूट. ‘परवडणे’ हे क्रियापद कोणाला तरी परवडल्याशिवाय पुरे होत नाही, हे जाहिरात लिहिणाऱ्यास ठाऊक असते. म्हणूनच तो ‘कोणाला’ हा शब्द मोठ्या चतुराईने गाळतो. शासनाने तरी हा शब्द नीट भरला आहे, असे म्हणावे तर तेही खरे नाही. वस्तू व सेवा कराच्या हिशेबात मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राचे आणि ४५ लाख रुपयांपर्यंत किमतीचे घर ‘परवडणारे’ ठरते. एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या अशा घरावर १ टक्का कर आहे, इतरांवर ५ टक्के. परंतु २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या पर्वात व्याजाचे अनुदान हवे असेल, तर घराची किंमत ३५ लाखांच्या आत असावी लागते. म्हणजे ४० लाखांचे घर कर भरताना गरिबाचे आणि अनुदान मागताना श्रीमंताचे! माध्यमिक शाळेतील शिक्षक अथवा कचेरीतील कारकून नेमका या दोन व्याख्यांच्या मधल्या फटीत उभा असतो.

या वर्गाला एवढेसे घर मोठे का वाटते, हे समजण्यासाठी फार मागे जावे लागत नाही. वरळी, नायगाव, डिलाईल रोड येथील बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. त्यात आजोबांपासून नातवापर्यंतची कुटुंबे नांदली आणि पाहुणा आला की कर्ता पुरुष गॅलरीत पथारी टाकी. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूस संरक्षण दिले, पण भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्यात कोणाला रस उरला नाही. पुढे पगडी आली आणि पगडीपाठोपाठ मालकी हक्काच्या सदनिका. त्या व्यवहारातील बेबंदशाहीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९६३ साली स्वतंत्र कायदाही केला. स्वतंत्र संडास, दाराला आपल्या नावाची पाटी आणि मुलांना अभ्यासाला एक बंद होणारी खोली, एवढ्यासाठी गिरगाव-परळचा मराठी माणूस प्रथम डोंबिवलीला आणि तेथून बदलापूरला सरकला. ही ओढ खोटी नव्हती, आजही नाही. ओढ खरी असल्यामुळेच तिचा भाव ठरवताना डोके शांत ठेवणे अवघड जाते.

आरंभ मापापासूनच केला पाहिजे. स्थावर संपदा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण, म्हणजे महारेरा, मे २०१७ पासून काम करू लागले. या कायद्याने विक्री चटई क्षेत्रावर व्हावी असे ठरवले. बाहेरच्या भिंती, नळ-वाहिन्यांचे कोनाडे, सज्जा आणि गच्ची वगळून, परंतु आतल्या भिंती धरून जे उरते ते चटई क्षेत्र. तरीही बोलण्यात ‘साडेपाचशे फुटांचा फ्लॅट’ असे आकडे सर्रास फिरतात. त्यात जिना, उद्वाहन आणि प्रवेशद्वारावरील संगमरवरसुद्धा मोजलेले असते. ४० लाखांना ५६० फूट म्हटले की दर सुमारे ७,१०० रुपये दिसतो. चटई क्षेत्र ४०० फूटच निघाले की तोच दर १०,००० होतो. दोन घरांची तुलना करायची ती या दुसऱ्या दराने. आणि चटई क्षेत्राचा आकडा हाती आला तरी नकाशावर खोल्यांची लांबी-रुंदी वाचावी. निजण्याच्या खोलीत खाट आणि कपाट ठेवल्यावर कपाटाचे दार उघडते काय, हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण पुढील वीस वर्षे तो रोज सकाळी विचारला जाणार असतो.

आता पैशाचा हिशेब. घर ४० लाखांचे धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांवरच्या कर्जास किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे कर्ज ३२ लाख आणि पदरचे ८ लाख. मुद्रांक शुल्क ठिकाणानुसार ६ ते ७ टक्के, नोंदणीचे ३० हजार, बांधकाम अपुरे असेल तर कराचे ४० हजार. हे खर्च बँक कर्जात धरत नाही, म्हणून घरात पाऊल टाकण्यापूर्वी ११ लाखांच्या वर रोख उभी करावी लागते. भविष्यनिर्वाह निधीतील उचल आणि बायकोचे दागिने यांचा येथे बळी पडतो, हे सर्वांना माहीत आहे. जाहिरातीत तेवढे नसते. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षे धरली तर ३२ लाखांचा मासिक हप्ता सुमारे २७,७७० रुपये होतो आणि अखेरीस परतफेड साडेसहासष्ट लाखांच्या पुढे जाते. पहिल्या हप्त्यातले २२,६६७ रुपये निव्वळ व्याजाचे असतात.

तसलेच घर त्याच इमारतीत १०,००० रुपये भाड्याने मिळत असेल, तर? वर्षाचे भाडे १ लाख २० हजार, म्हणजे किमतीच्या ३ टक्के. ज्या वस्तूचे उत्पन्न ३ टक्के, ती साडेआठ टक्क्यांच्या कर्जाने घेणे हा गुंतवणूक म्हणून आतबट्ट्याचाच व्यवहार. भाडे दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत गेले तरी हप्त्याची बरोबरी गाठायला त्याला सतरा-अठरा वर्षे लागतात. भाड्याचे पैसे ‘पाण्यात जातात’ असे सांगणारे स्नेही घरोघर भेटतात. व्याजाचे पैसे कोठे जातात, ते मात्र यांतील कोणी सांगत नाही.

परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. अकरा महिन्यांच्या कराराने राहणाऱ्याला दर वर्षी नवा करार, नवी अनामत आणि दलालाची नवी दलाली यांना तोंड द्यावे लागते. मुलाची शाळा बदलण्याची टांगती तलवार वेगळीच. निवृत्तीनंतर हप्ता संपलेला असतो, भाडे संपत नाही. या स्थैर्याला पैशात किंमत आहे आणि ती प्रत्येक कुटुंबाची वेगळी आहे. ज्याला दहा-पंधरा वर्षे तेथेच राहायचे आहे, त्याने थोडी जादा किंमत मोजली तर तो वेडेपणा नव्हे. तीन वर्षांत भाव दुप्पट होईल म्हणून घेणारा मात्र जुगार खेळत असतो, आणि तोही उधारीवर.

जागेचा विचार नकाशावरच्या अंतराने होत नाही. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. घरातून निघून कचेरीत पोहोचेपर्यंत दोन तास धरले, तर महिन्याच्या २५ दिवसांत १०० तास गाडीत आणि फलाटावर जातात. स्वस्त घराच्या किमतीतला हा न छापलेला हप्ता आहे आणि तो फेडताना मुदतपूर्व परतफेडीची सोय नसते. पाणी आठवड्यातून किती दिवस येते आणि टँकरचा खर्च वर्गणीत धरला आहे काय, याची चौकशी विक्री कार्यालयात न करता तळमजल्यावरच्या रहिवाशाकडे करावी, आणि तीही मे महिन्यात. जुलैमधली फेरी तर टाळूच नये. उल्हास नदीला पूर आला म्हणजे काय होते, ते २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने साऱ्या देशाला दाखवले होते.

घराचा भाव वाढतो असे म्हणतात तेव्हा खरोखर काय वाढते? भिंती जुन्या होतात, नळ गंजतात, गिलावा सुटतो. वाढते ती जमिनीची किंमत. म्हणून आपल्या सदनिकेच्या वाट्याला जमीन किती, हा मोलाचा खरा गाभा आहे. आणि तोच कोणी विचारत नाही. २,००० चौरस मीटरच्या भूखंडावर चाळीस सदनिकांची चार मजली इमारत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ५३८ चौरस फूट जमीन येते. त्याच भूखंडावर दोनशे सदनिकांचा मनोरा असेल तर १०८ फूटदेखील भरत नाही. मनोऱ्यात पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा असते, त्यांची वर्गणीही जन्मभर असते. पन्नास वर्षांनी पुनर्विकास करायचा म्हटले तर विकासकाला देण्यासारखे काही उरलेले नसते. आणि ही जमीनही गृहनिर्माण संस्थेच्या नावावर चढली असेल तरच. अभिहस्तांतरण न झालेल्या जुन्या इमारती महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी २००८ साली कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. जुने घर घेणाऱ्याने रंगापेक्षा या कागदाकडे पाहावे, आणि इमारत तीस वर्षांवरची असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा.

कागदांचा विषय निघाला की तो येथेच थांबत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एक बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसे गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला २०१२ साली उभी राहिलेली बेकायदा इमारत पडून १७ जण मृत्युमुखी पडले. तेरा वर्षांची इमारत! तिच्यात राहणाऱ्यांनीही कधीतरी भाव ठरवला होता, पदरचे पैसे मोजले होते. अशा घरांवर स्वस्ताईचा जो शिक्का असतो तो बऱ्याचदा याच कारणाने असतो : परवानगीचा खर्च, लोखंडाचा खर्च आणि जमिनीचा खर्च या तिन्हींत काटछाट केलेली असते.

या दोन घटनांपेक्षाही सुशिक्षित ग्राहकाला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट कल्याण-डोंबिवलीत घडली. तेथील ६५ इमारतींनी बनावट परवानग्या सादर करून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघडकीस आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. या इमारतींत घरे घेणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला होता काय? ‘नोंदणी क्रमांक पाहूनच घर घ्या’ असे शासन सांगत होते. त्यांनी क्रमांक पाहिला. दस्त सरकारी कार्यालयात नोंदवला, मुद्रांक शुल्क सरकारी तिजोरीत भरले. पुढे महापालिकांच्या नोंदींशी परवानग्या पडताळण्याची व्यवस्था करण्यात आली, हे ठीकच; पण ती आधी का नव्हती, या प्रश्नाचे उत्तर बेघर होऊ घातलेल्या माणसाला कोणी दिलेले नाही.

तोपर्यंत सामान्य खरेदीदाराने महारेराचा क्रमांक हा चौकशीचा शेवट न मानता आरंभ मानावा. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र महापालिकेने अथवा नगरपरिषदेने खरोखर दिले आहे काय, हे त्याच कार्यालयात जाऊन पाहावे. गरज पडली तर माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करावा. सात-बारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक पाहावे, आणि तीस वर्षांच्या मालकीचा शोध वकिलाकडून घ्यावा. तो वकील मात्र विकासकाने सुचवलेला नसावा. इमारत पुरी झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नये. नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा अधिकार कायद्याने विकासकाला नाही. जो ती मागतो त्याच्याकडून पुढे काय होणार, याची ती पूर्वसूचनाच होय. दस्तनोंदणी ही व्यवहाराची नोंद असते, इमारतीच्या कायदेशीरपणाचा दाखला नव्हे, हेही ध्यानात असलेले बरे.

आणि हे सारे एका शिक्षकाने, शाळा सांभाळून, सुट्टीच्या दिवशी करायचे! ज्या नगरपरिषदेने परवानगी दिली किंवा दिली नाही, तिलाच ते एका ओळीत सांगता येते. दुय्यम निबंधकाच्या टेबलावर करार नोंदणीसाठी आला की त्या इमारतीचे प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र पडद्यावर उमटावे, नसेल तर ‘परवानगी आढळत नाही’ असे शब्द करारावरच छापले जावेत, यासाठी नवा कायदा नव्हे, दोन खात्यांच्या संगणकांची ओळख करून देणे पुरेसे आहे. ४० लाखांच्या घरामागे शासन २ लाख ८० हजारांपर्यंत मुद्रांक शुल्क घेते. तेवढ्या पैशात ही एक ओळ मागणे जास्त होत नाही.