पाच सेकंदांचा हिशेब

हवाई बेटांवरील कोना येथे 2015 साली हिरोमु इनादा हे 82 वर्षांचे जपानी गृहस्थ 3.8 किलोमीटर पोहून, 180 किलोमीटर सायकल चालवून आणि 42.2 किलोमीटर धावून अंतिम रेषेशी पोहोचले, ते ठरलेली मुदत उलटल्यावर पाच सेकंदांनी. ट्रायथलॉन पूर्ण केल्याचा मान नियमानुसार त्यांना मिळाला नाही. हे निष्ठुर वाटेल; परंतु ते योग्यच झाले. साठी उलटली की माणसाच्या हाती जपमाळ द्यावी आणि त्याला ओसरीवर बसवावे, हीच आपली वृद्धांविषयीच्या आदराची कल्पना! (निवृत्तांना सरसकट ‘अवलंबित’ या रकान्यात टाकणारे अर्थशास्त्रही या दोषातून मुक्त नाही.) वयोगट निराळे असावेत, कारण तुलना समवयस्कांशीच न्याय्य ठरते, मुदत मात्र तिशीतल्या हौशी स्पर्धकाला जी, तीच ऐंशी ओलांडलेल्यालाही हवी. सवलतीने मिळालेले पदक इनादांच्या काय कामाचे होते? ते पुन्हा सरावाला लागले आणि 2018 मध्ये, वयाच्या 85व्या वर्षी, त्यांनी तीच शर्यत सहा मिनिटे हाती राखून पुरी केली.