घरपोच औषध आणि वैद्याची चिठ्ठी

गेल्या महिन्यात संधिवाताचे एक जुने रुग्ण विषतिंदुक वटीची डबी घेऊन आले. दोन वर्षांपूर्वीची माझी चिठ्ठी मोबाईल ॲपवर चढवून त्यांनी ती घरपोच मागविली होती. गुण लवकर यावा म्हणून मात्रा स्वतःच दुप्पट केली. स्नायूंना झटके येऊ लागले तेव्हा वैद्यांची आठवण झाली!

कुचला हे द्रव्य औषध नियम, १९४५ मधील अनुसूची ई(१) मध्ये आहे. अशी औषधे नोंदणीकृत वैद्याची वैध चिठ्ठी चढविल्यावरच विकावीत, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना बजावले आहे. येथे चिठ्ठी होती; परंतु ती शिळी होती.

तरीही सारा दोष ॲपच्या माथी मारणे मला पटत नाही. चिठ्ठीवर औषधाचा कालावधी मी लिहिलाच नव्हता. शिवाय औषधालयात ‘गुरुवारी या’ असे तीनदा ऐकल्यावर रुग्णाने करावे तरी काय? त्रिफळा, सितोपलादी त्याने खुशाल मागवावे. आपल्या औषधविक्रेत्या बंधूंनीही फोनवर मागणी घ्यावी, मात्र विषद्रव्ययुक्त कल्प देताना चिठ्ठीची तारीख अवश्य पाहावी. मी आता मात्रा व अनुपानासोबत औषध थांबविण्याची तारीखही लिहितो, आणि तीही वाचता येईल अशा अक्षरात.