आधी यादीतले नाव, मग मत

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६२ व्या कलमान्वये ज्याचे नाव यादीत नाही, त्यास मतही नाही. म्हणून यादीचे नियम बदलू लागले की नागरिकांनी सावध झाले पाहिजे.

डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने निवडणूक कायदे दुरुस्त केले. पूर्वी अर्हतेची तारीख १ जानेवारी ही एकच होती. २ जानेवारीस अठरा वर्षे पूर्ण करणारा तरुण वर्षभर तिष्ठत राही. तीत १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर यांची भर पडली, तिचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

परंतु त्याच दुरुस्तीने यादीला आधार क्रमांकाची जोड दिली. क्रमांक न दिल्याने नाव वगळता येणार नाही, असे कायदा म्हणतो. पण त्यास 'पुरेसे कारण' हवे, अशी मेखही मारून ठेवतो. २०२२ मध्ये निघालेल्या '६-ब' नमुन्यात तर 'आधार आहे, पण देत नाही' असे म्हणण्यास जागाच नव्हती! क्रमांक सक्तीचा नाही, हे निवडणूक आयोगास सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगावे लागले. जे ऐच्छिक आहे, ते नमुन्यावरही ऐच्छिक म्हणूनच छापले पाहिजे, ही आमची मागणी आहे.

वाचकांनीही स्वस्थ बसू नये. सीमाभागात मराठी नाव दुसऱ्या लिपीत उतरताना सहज बिघडते. प्रारूप यादी लागताच घरातील प्रत्येकाचे नाव पाहावे. नसल्यास नमुना ६, चुकले असल्यास नमुना ८ भरावा. मतदानाच्या सकाळी केलेल्या तक्रारीने त्या दिवशीचे मत मिळत नाही.