मालकी की नुसती परवानगी?

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ठाण विकले, पैसे मिळाले, माल गिऱ्हाइकाच्या हवाली केला की त्यावरचा आपला हक्क संपला. त्याने कुर्ते शिवावेत, नाही तर पुढे विकावे. १९३० चा मालविक्री कायदाही हेच सांगतो. किमतीच्या मोबदल्यात मालाची मालकी दुसऱ्याकडे जाणे, हीच विक्री.

सिनेमाच्या बाजारात मात्र हा हिशेब बदलला आहे. पूर्वी डिस्क आणली की ती घरची होई. मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी विकून सारा बाजार हलवला होता. २०१८ मध्ये त्या कंपनीचे दिवाळे वाजले, ती मोडीत काढण्याचा हुकूम झाला. परंतु तिची डिस्क ज्याच्या कपाटात आहे, त्याचीच ती आजही आहे.

आता पडद्यावर ‘विकत घ्या’ असे लिहिलेले असते. पैसे आपण देतो, माल दुकानदाराच्याच गोदामात राहतो. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवले की, त्यांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम ३१ डिसेंबरपासून दिसणार नाहीत. कारण काय, तर दोन कंपन्यांमधला करार! ओरड झाली, निर्णय मागे घेतला गेला. पण ग्राहकाच्या हाती काय होते, हे त्या निमित्ताने उघड झाले.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने यावर कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तेथे अशा मालाला ‘खरेदी’ म्हणायचे असेल, तर ही केवळ परवानगी आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. आपल्याकडेही असा नियम हवा. भाड्याने देणे गैर नाही. भाड्याला विक्री म्हणणे गैर आहे. असा सौदा आपल्या पेढीवर कोणी केला असता तर त्याची पत राहिली असती काय?

डिस्क अमर आहे असे नाही. तिला ओरखडे पडतात, पावसाळ्यात बुरशी धरते. प्लेअरही दुर्मिळ होत चालले आहेत. सॅमसंगने २०१९ मध्येच नवे ब्लू-रे प्लेअर आणणे थांबवल्याचे जाहीर केले. म्हणून घरच्या लग्नाच्या व्हीसीडी आजच उतरवून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

व्यापारी व कारागीर बांधवांनी याचा आणखी एक अर्थ ध्यानात घ्यावा. आज आपली खातेवही आणि साड्यांचे नक्षे वर्षाच्या भाड्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. भाडे थकले किंवा कंपनी बुडाली, तर आपलाच हिशेब आपल्याला कुलूपबंद. तेव्हा महिन्याकाठी एक प्रत आपल्या डिस्कवर आणि खात्यांची एक कागदावर घ्यावी. किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असेल, तर तिजोरी आपली म्हणवत नाही.