विश्लेषण : शेरलॉक होम्सच्या आधीचा गुप्तहेर आणि त्याची चूक… एमिल गाबोरिओ आज का आठवायचा?

संशयिताच्या पँटला चिखल लागलेला. हातमोजे फाटलेले, तेही नेमके मृत स्त्रीच्या नखांत सापडलेल्या तुकड्यांशी जुळणाऱ्या रंगाचे. खुनाच्या रात्री कुठे होता, हे सांगायला तो तयार नाही. वर खून करण्याचे सबळ कारणही हाताशी. एवढे पुरावे समोर आल्यावर आज आपल्यापैकी बहुतेकांनी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला असता. १८६६मध्ये पॅरिसच्या वर्तमानपत्रात ही कथा रोज वाचणाऱ्यांचेही तसेच झाले असणार. पण हा माणूस निर्दोष होता. ही कथा लिहिणाऱ्या एमिल गाबोरिओला अनेक जण ‘गुप्तहेर कादंबरीचा जनक’ म्हणतात. त्याने या साहित्यप्रकारात पहिल्याच कादंबरीत पेरलेली शंका मात्र आपण विसरलो.

गाबोरिओ कोण होता?

एमिल गाबोरिओचा जन्म १८३२चा, पश्चिम फ्रान्समधल्या सोजों या छोट्या गावातला. वडील सरकारी नोकर. तरुणपणी काही काळ त्याने घोडदळात काढला, मग पॅरिस गाठले. तिथे पॉल फेव्हाल या लोकप्रिय कादंबरीकाराचा तो सचिव झाला. रोज मजकूर पाडण्याची तालीम त्याला इथेच मिळाली. १८७३मध्ये, वयाच्या अवघ्या ४०व्या वर्षी तो गेला. खरी कीर्ती मिळाली ती शेवटच्या सात-आठ वर्षांत. तेवढ्या काळात ‘लरूज प्रकरण’, ‘ओर्सिव्हालचा गुन्हा’, ‘फाइल क्रमांक ११३’, ‘पॅरिसचे गुलाम’, ‘मस्यू लकॉक’, ‘गळ्यातला फास’ अशा एकापाठोपाठ एक जाडजूड कादंबऱ्या त्याने लिहिल्या.

एवढे लिहायला कोण लावत होते?

वर्तमानपत्रे. १८३६मध्ये ‘ला प्रेस’ या दैनिकाने वर्गणी निम्म्यावर आणली आणि वाचक धरून ठेवण्यासाठी क्रमशः कादंबरी छापायला सुरुवात केली. १८६३मध्ये मोईझ मियो या उद्योगी मालकाने ‘ल पती जुर्नाल’ काढले. किंमत पाच सांतीम, म्हणजे कामगाराच्याही खिशाला परवडणारी. राजकारण छापायचे नाही, म्हणजे राजकीय पत्रांवरचा मुद्रांक कर नाही. मग छापायचे काय? गुन्हे, अपघात आणि कादंबऱ्या. दोन-तीन वर्षांत खप अडीच लाखांच्या घरात गेला. गाबोरिओचे ‘लरूज प्रकरण’ आधी दुसऱ्या एका पत्रात आले होते, तेव्हा फारसे कुणी विचारले नाही. मियोने ते आपल्या ‘ल सोलेई’मध्ये पुन्हा छापले आणि लेखकाचे नशीब फळफळले.

त्याच मालकाच्या ‘ल पती जुर्नाल’ने १८६९मध्ये त्रोपमान हत्याकांडाच्या बातम्यांवर खपाचे विक्रम केले. एकाच कुटुंबातल्या आठ जणांची ती हत्या होती. काल्पनिक आणि खरा खून एकाच मालकाच्या छापखान्यांतून बाहेर पडत होता आणि दोन्हींचा वाचक एकच होता. या बाजारात राहून गाबोरिओने काय लिहिले, ते म्हणूनच पाहण्यासारखे आहे.

त्याच्या कथांमध्ये नवे काय होते?

एडगर ॲलन पोने १८४१मध्ये तर्काने खुनाचा छडा लावणारा दुपँ उभा केला होता. पण दुपँ हौशी होता आणि त्याच्या कथा छोट्या होत्या. गाबोरिओने लांबलचक कादंबरी लिहिली आणि नायक केला पगारी पोलिसाला. हा लकॉक. त्याच्या नावात आणि पहिल्या रूपात विदोक डोकावतो. विदोक म्हणजे गुन्हेगारीतून येऊन पॅरिसच्या गुन्हे शाखेचा प्रमुख झालेला खराखुरा माणूस.

लकॉकची पद्धत आज ओळखीची वाटते. बर्फातल्या पाऊलखुणांवरून तो किती माणसे आली, कशी चालली हे सांगतो आणि त्या खुणांचे प्लास्टरमध्ये ठसे घेतो. ‘ओर्सिव्हालचा गुन्हा’मध्ये मोडतोड झालेल्या खोलीत एक घड्याळ तीन वाजून वीस मिनिटांवर थांबलेले असते. सगळे म्हणतात, खून तेव्हाच झाला. लकॉक काटा साडेतीनवर नेतो आणि घड्याळ अकराचे टोल देते. म्हणजे काटे कुणीतरी मुद्दाम फिरवलेले आहेत. घटनास्थळही खोटे बोलू शकते, हे वाचकाला दाखवणारा हा प्रसंग आहे.

मग ‘लरूज प्रकरणा’त चूक कुणाची झाली?

ज्याच्या हुशारीवर वाचक खूश असतो, त्याचीच. (दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे रहस्य इथे फोडत आहोत, माफी असावी.) पॅरिसजवळच्या खेड्यात लरूज नावाच्या विधवेचा खून होतो. लकॉक या कादंबरीत दुय्यम आहे. छडा लावतो तो ताबारे नावाचा म्हातारा, हौशी शोधक. खोली पाहून तो सांगतो : खुनी तरुण आहे, उंच हॅट घालतो, हातात छत्री होती, चिरूट ओढतो. पुढे धागा एका उमरावाच्या मुलापर्यंत, आल्बेरपर्यंत जातो. लरूज ही त्या घरची जुनी दाई. जन्मतः बाळांची अदलाबदल झाली, खरा वारस दुसराच, आणि हे तिला ठाऊक होते, अशी ती कथा. वारसा वाचवायला आल्बेरने दाईला संपवले, असा तर्क ताबारे मांडतो. घराची झडती होते. छत्री, चिरूट, फाटके हातमोजे, चिखलाची पँट, सगळे सापडते.

खरी गोष्ट अशी, की त्या रात्री आल्बेर प्रेयसीला भेटायला तिच्या बागेची भिंत चढून गेला होता. चिखल आणि फाटके हातमोजे त्या भिंतीचे. तिच्या अब्रूसाठी तो गप्प राहिला. पुरावा खराच होता. चुकला तो त्याचा अर्थ. खुनी निघतो ताबारेच्याच घरात भाड्याने राहणारा, त्याने मुलासारखी माया केलेला तरुण वकील. अदलाबदलीची सगळी कथा ताबारेला त्यानेच ऐकवली होती. माहिती देणाऱ्यावर प्रेम होते, म्हणून माहिती तपासली गेली नाही.

ताबारेला शंका येते ती एका साध्या गोष्टीवरून. इतक्या शिताफीने खून करणाऱ्याने ‘मी त्या वेळी दुसरीकडे होतो’ हे सांगायची सोय आधीच केली असती. ज्याच्याकडे ती नाही, तोच निर्दोष असण्याचा संभव अधिक! पण तोवर तपास न्यायाधीश दाब्युरों यांच्या हाती गेलेला असतो. आणि आल्बेरच्या प्रेयसीला त्यांनी एके काळी स्वतःच मागणी घातलेली असते. या प्रकरणातून बाजूला व्हायला हवे, हे त्यांना कळते. ते होत नाहीत.

हा केवळ कथेतला डाव होता का?

नाही, असे मानायला जागा आहे. या कादंबऱ्यांची त्या काळी ओळखच ‘न्यायविषयक कादंबरी’ अशी होती. ‘पोलिसी कथा’ हे नाव नंतरचे. फ्रान्समध्ये तेव्हा चुकीच्या शिक्षांचा प्रश्न ऐरणीवर होता. टपालगाडी लुटीच्या प्रकरणात १७९६मध्ये गिलोटिनवर गेलेला जोसेफ लसुर्क निर्दोष होता, असे अनेकांना वाटे. त्याच्या कुटुंबीयांनी पिढ्यान्‌पिढ्या लढा दिला. मेलेल्या माणसाच्या शिक्षेचाही फेरविचार करू देणारा कायदा १८६७मध्ये आला. मात्र पुढच्याच वर्षी न्यायालयाने लसुर्कची फेरतपासणी नाकारली. ‘लरूज प्रकरणा’च्या शेवटी ताबारे मृत्युदंड रद्द करण्याच्या अर्जांवर सह्या गोळा करतो, गरीब आणि निर्दोष आरोपींसाठी संस्था काढायला निघतो. ‘गळ्यातला फास’मध्येही निर्दोष माणूसच अडकतो.

मग गाबोरिओ मागे का पडला?

एक कारण त्याचे स्वतःचे. रोजचा रकाना भरायचा म्हणून तो मध्येच शेकडो पानांचा घराण्याचा इतिहास सांगत बसतो. ‘मस्यू लकॉक’चा अख्खा दुसरा भाग १८१५ सालात जातो. दुसरे कारण शेरलॉक होम्स. आर्थर कॉनन डॉइलने गाबोरिओच्या कथानकांच्या घट्ट सांधेजोडीचे ऋण पुढे मान्य केले. पण १८८७च्या पहिल्याच कादंबरीत होम्सच्या तोंडून लकॉकला नालायक ठरवले. गंमत म्हणजे, मध्येच कथा भूतकाळात नेण्याची गाबोरिओची रीत त्याच कादंबरीत आहे. मेलबर्नमध्ये फर्गस ह्यूमने एका पुस्तकविक्रेत्याला विचारले, सर्वांत जास्त काय खपते? उत्तर मिळाले, गाबोरिओ. त्या पुस्तकांचा अभ्यास करून त्याने १८८६मध्ये गाजलेली ‘हॅन्सम कॅब’ची रहस्यकथा लिहिली. जपानमध्ये कुरोइवा रुइको या पत्रकाराने गाबोरिओला रूपांतरांतून घरोघरी नेले.

आपल्याकडे गुप्तहेर म्हटले की होम्स आणि बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय, झुंजार आठवतात. हा सारा वंश सहसा न चुकणाऱ्या नायकाचा. डॉइलने गाबोरिओकडून पाऊलखुणा घेतल्या, ताबारेची पश्चात्तापाची रात्र मात्र घेतली नाही, आणि पुढच्या जगाने होम्सचाच कित्ता गिरवला. माझ्या मते हे नुकसान मोठे आहे.

आज याचे काय?

आज प्रत्येकाच्या खिशात एक ‘ल पती जुर्नाल’ आहे. सीसीटीव्हीचा तुकडा, संशयिताचा फोटो, ‘हाच तो’ असा मजकूर. तपास सुरू होण्याआधी निकाल शंभर गटांत पोहोचलेला असतो. पुढे कुणी निर्दोष सुटला, तर ती बातमी तितक्या वेगाने पुढे पाठवली जात नाही. रहस्यकथा वाचून आपण धागे जोडायला शिकलो. जोडलेला धागा उसवून पाहायला शिकलो नाही. गाबोरिओने तेही शिकवले होते. पुढच्या वेळी अशी चित्रफीत आली, की बोट उचलण्याआधी ताबारेला फार उशिरा पडलेले दोन प्रश्न विचारावेत. हा चिखल दुसऱ्या कुठल्या भिंतीचा असू शकेल का? आणि ही गोष्ट मला सांगतोय कोण?