मुकादमाच्या वहीतली नावे

ऑस्कर हँडलिन या इतिहासकाराने 1951 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द अपरूटेड’ या ग्रंथात, बाहेरून येऊन वसलेल्या माणसांची कहाणी हाच अमेरिकेचा इतिहास आहे अशी भूमिका घेतली आणि तिथल्या इतिहासलेखनाला वेगळे वळण मिळाले. न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर 1892 ते 1954 या काळात सुमारे 1 कोटी 20 लाख स्थलांतरित उतरले. जहाजांच्या याद्यांत त्यांची नावे असल्यामुळे त्यांचे खापरपणतू आजही पूर्वजाचे मूळ गाव शोधू शकतात. सर्वांच्या नशिबी मात्र ही नोंद आली नाही. 1860 च्या दशकात सेंट्रल पॅसिफिक या कंपनीसाठी सिएरा नेवाडा पर्वतातून लोहमार्ग काढणारे बहुसंख्य मजूर चिनी होते, त्यांनी कातळात बोगदे खोदले, हिमकडे कोसळून त्यांतले कित्येक दगावले, आणि 1869 मध्ये देशाची दोन टोके जोडली गेल्यावर अवघ्या तेरा वर्षांत कायदा करून चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद करण्यात आले. कंपनीच्या पगारपत्रकांत टोळीच्या म्होरक्याचे नाव आढळते, टोळीतल्या माणसांची नावे क्वचितच. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2012 मध्ये त्यांचा शोध सुरू केला तेव्हा एकाही मजुराचे पत्र हाती लागले नाही, त्यामुळे जुन्या तळांवर सापडलेली भांडीकुंडी आणि वंशजांच्या आठवणी यांवरून हा इतिहास जुळवावा लागला.

गेवराई तालुक्यातील चकलांब्याच्या वाचकाला ही पगारपत्रके परकी वाटणार नाहीत. दसरा उलटला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात, काही घरांत दिवाळी होते तर काहींची दिवाळी फडातच उगवते, आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापासून कर्नाटकातील बेळगावपर्यंत ही माणसे पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, कोपीत राहतात. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा मध्यस्थ, पावसाळ्यातच उचल देतो. ही आगाऊ रक्कम फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी राबते, तिला हिशेबात ‘एक कोयता’ धरतात आणि कामाचा दिवस बुडाला तर खाडा म्हणून पैसे कापतात. बाईचे श्रम या हिशेबात निम्म्या कोयत्याइतके असतात, तिचे नाव बहुधा कुठेच नसते, आणि तरीही पहाटेच्या अंधारात ऊस बुडख्याशी छाटणे, पाचट काढणे, मोळ्या बांधणे आणि डोक्यावरची मोळी तोलत अरुंद फळीवरून ट्रकवर चढणे यांतले कोणतेही काम तिला चुकत नाही, शिवाय कोपीतला स्वयंपाक आणि लेकरू तिचेच. 2019 मध्ये शासनाने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील 82,000 हून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली आणि त्यांपैकी 13,000 हून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. स्त्रियांची मोजदाद एवढ्या मोठ्या प्रमाणावर व्हायला असे कारण घडावे लागले, ही महाराष्ट्राला लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची नावे त्या इतिहासात आदराने घेतली जातात आणि ती घेतलीच पाहिजेत. परंतु पुढे त्याच धर्तीवर उभ्या राहिलेल्या कारखान्यांनी जी महाविद्यालये, दवाखाने आणि दूध संघ उभे केले, त्यांच्या पायाशी दुष्काळी बालाघाटातून उतरलेल्या माणसांचे श्रम आहेत. उसाचा हिरवा शेंडा म्हणजे वाढे. तोडणीवाल्या बायका ते विकून मीठ-मिरचीला पैसे करतात आणि बागायती गावांतील जनावरे हिवाळाभर त्याच चाऱ्यावर जगतात, म्हणजे तिथल्या दुधातही या टोळ्यांचा वाटा आहे. बीड जिल्ह्यातले बदल तर घरोघरी दिसतात: शाळेचे दुसरे सत्र पटावरची मुले गमावून बसते, आणि वयात आलेल्या मुलीला मागे ठेवण्याच्या भीतीपोटी तिचे लग्न लवकर उरकले जाते.

1972 च्या दुष्काळात आणि त्याआधी कोयता हाती घेतलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. तिच्याशी बोलणारा नातू गावातच असताना स्टॅनफर्डसारख्या विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही. कोणत्या साली कोणता कारखाना गाठला, उचल किती होती, बैलगाडीने जायला किती मुक्काम पडले, टोळीत कोणकोण होते, कोणते मूल कोणत्या फडात जन्मले, कोण परत आले नाही, हे सारे त्यांना तोंडपाठ आहे; माळ्यावर पडलेल्या मुकादमांच्या वह्याही वाळवी लागण्याआधी उतरवून घेता येतील. यंदा टोळ्या गावी परततील तेव्हा चैत्र लागलेला असेल, आणि उन्हाळ्याच्या त्या रिकाम्या दुपारी, म्हाताऱ्यांच्या बाजेशेजारी बसून, हे लिखाण आधी बायकांच्या नावांपासून सुरू करावे.