चुकलेलं तिकीट आणि चुकवलेलं तिकीट

काचीगुड्याहून निजामाबाद-नांदेडच्या दिशेने जाणाऱ्या गाड्यांत आपली पोरं रोज असतात. कोणी क्लासला, कोणी नोकरीला, कोणी दवाखान्यात माणूस घेऊन आलेलं. बहुतेक जण जनरलच्या डब्यात. म्हणून आज दंडाबद्दल लिहितोय. फुकट्यांची बाजू घ्यायची नाही, हे आधीच सांगतो. तिकीट न काढता ऐटीत बसणाऱ्याला टीसीने धरलं तर मला काडीचं वाईट वाटत नाही.

पण समजा, तुमच्याकडे बासरपर्यंतचं तिकीट आहे. रात्री डोळा लागला, बासर गेलं आणि जाग आली ती धर्माबादला. तेवढ्यात तेलंगण संपून महाराष्ट्र सुरू झाला, हे खरं. पण अंतर किती, तर एवढंसं. भाड्यातला फरक फार तर पाच-दहा रुपये. इथे रेल्वे कायदा, १९८९ चं कलम १३८ लागतं: भाड्याचा फरक भरा, आणि त्यावर जादा आकार म्हणून तेवढीच रक्कम किंवा २५० रुपये, यातलं जे जास्त असेल ते. हा किमान आकडा आधी ५० होता, २००४ मध्ये २५० झाला.

आता हिशेब करा. एसीच्या डब्यात चुकून बसलेल्याचा फरक ८०० रुपये निघाला, तर त्याला जादा आकार ८०० च. म्हणजे चुकीच्या एक पट. आपल्या जनरलवाल्याचा फरक १० रुपये, त्याला २५०. म्हणजे पंचवीस पट! कायदा दोघांना एकच, पण ‘किमान’ हा शब्द फक्त स्वस्त तिकीटवाल्यालाच चावतो. माझी मुख्य तक्रार ही आहे.

गंमत म्हणजे कायदा करणाऱ्यांना चूक आणि चोरी यातला फरक चांगला ठाऊक होता. कलम १३७ वेगळं आहे. ते रेल्वेला फसवण्याच्या हेतूने प्रवास करणाऱ्यासाठी. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड. हेतू नसेल तर १३८. म्हणजे कागदावर दोन दारं आहेत. फलाटावर मात्र सगळ्यांना एकाच नजरेने बघितलं जातं, आणि २५० खिशात नसतील तर १३८ चं दारही तुरुंगाकडेच जातं. आकार भरायला नकार दिला किंवा भरता आला नाही, तर प्रकरण दंडाधिकाऱ्यापुढे. तिथेही वसूल झाला नाही तर किमान दहा दिवस ते एक महिना कैद होऊ शकते. दहा रुपयांच्या फरकापायी!

बरं, चुका होतात त्या सगळ्या प्रवाशाच्या बेफिकिरीने होतात का? १९९ किलोमीटरपर्यंतच्या जनरल तिकिटाचा नियम बघा. तिकीट काढल्यापासून तीन तास किंवा तिकडे जाणारी पहिली गाडी, यातलं जे नंतरचं असेल तोवरच ते चालतं. काचीगुडा ते निजामाबाद या नियमात बसतं. सणाच्या गर्दीत लेकरं-बोचकी घेऊन बाई डब्यात चढूच शकली नाही, गाडी गेली, पुढची चार तासांनी. तिचं तिकीट मेलं. पैसे भरलेले, हेतू स्वच्छ, आणि तरी ती हिशेबाने विनातिकीट. डबे कमी जोडले ही कोणाची चूक? त्याचा जादा आकार कोण भरतं?

आपली लालपरीच बघा. तिथेही दंड आहे: चुकवलेल्या भाड्याच्या दुप्पट किंवा १०० रुपये, जे जास्त ते. पण तिथे कंडक्टर तुमच्या सीटपर्यंत येऊन विचारतो, कुठे जायचंय म्हणून. रेल्वेत जनरलवाल्यापाशी कोणी येतं ते बहुधा तपासायलाच.

हे दुखणं फक्त आपलंच नाही. इंग्लंडमध्ये २०२४ साली एका तरुणावर १ पौंड ९० पेन्स कमी भरल्याबद्दल खटल्याची वेळ आली होती. सवलतीचं कार्ड खरं होतं, पण सकाळच्या वेळी १२ पौंडांखालच्या तिकिटाला ते चालत नव्हतं. गाजावाजा झाल्यावर कंपनीने माघार घेतली. त्याच वर्षी तिथल्या न्यायालयाने रेल्वे कंपन्यांनी झटपट पद्धतीने चालवलेले सुमारे ७४ हजार खटले रद्दबातल ठरवले, कारण ती पद्धत त्या गुन्ह्यांना लागूच नव्हती. तिथे प्रवासी बोलले म्हणून हे झालं.

आपल्याकडे तिकीट तपासणीतून किती कोटी मिळाले याच्या प्रेसनोट निघतात. मला हे खटकतं. दंड कमाईच्या रकान्यात गेला की टीसीला माणूस दिसत नाही, आकडा दिसतो. त्या टीसीवर तरी किती रागवायचं! वरून विचारणा त्यालाच होते.

ज्याच्याकडे तिकीट आहे आणि फरक थोडा आहे, त्याच्याकडून पहिल्या वेळी फरक आणि फार तर त्याच्या दुप्पट घ्या, २५० ची अट त्याला लावू नका. आणि पैसे का घेतले, हे प्रवाशाला वाचता येईल अशा भाषेत पावतीवर लिहा. धर्माबाद, उमरी, नांदेडच्या माणसासाठी ती भाषा मराठी आहे. नांदेड विभाग चालतो सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेखाली, त्यामुळे निवेदन तिकडे जायला हवं, आपल्या खासदारांच्या सहीसकट.

तोपर्यंत एक गोष्ट लक्षात ठेवा. तिकीट काढायला वेळच मिळाला नाही, तर चढण्याआधी गार्डला (२०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात) किंवा टीसीला गाठा आणि कलम ५५ खाली परवानगीचा दाखला मागा. तो हातात असेल तर भाडं भरावं लागतं, जादा आकार लागत नाही. आणि घरातल्या बायांना सांगून ठेवा: सोबत पुरुष नसलेल्या बाईला किंवा लेकराला तिकिटावरून गाडीतून उतरवायचं तर ते फक्त दिवसा, आणि प्रवास सुरू केला त्या स्टेशनवर, जंक्शनवर, शेवटच्या स्टेशनवर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीच. कलम १३९. रात्री आडस्टेशनला कोणी उतरा म्हणालं, तर हा आकडा सांगायचा.